साताऱ्यातलं रिव्हॉल्व्हर

खटावकरकाका दर रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्या रिव्हॉल्व्हरला तेल घालतात. रिव्हॉल्व्हर साताऱ्यात आहे. काका नेदरलँड्समध्ये, नीउ-व्हेनेपला, माझ्या शेजारच्या घरात राहतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कढीपत्ता मागायला गेले होते तेव्हा. त्यांची मुलगी मुग्धा फोनवर होती, म्हणून मी बैठकीत थांबले. जेवणाच्या टेबलावर जाहिरातींचा फुकट येणारा डच पेपर अंथरलेला, त्यावर जुन्या बनियनचा एक तुकडा आणि शिलाई मशीनच्या तेलाची इवलीशी बाटली. काका समोर ताठ बसलेले. डाव्या हातात काहीतरी जड असल्यासारखं मनगट किंचित खाली आलेलं. हात मात्र रिकामा. अंगठ्यानं त्यांनी काहीतरी उघडलं, वरून थेंब सोडल्यासारखं केलं, थांबले, मान हलवली, मग ते काहीतरी जरासं फिरवलं आणि पुन्हा थेंब. असं सहा वेळा. मला वाटलं, या माणसाला डॉक्टरकडे न्यायला हवं.

"रिव्हॉल्व्हर आहे," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "सिलिंडरला सहा कप्पे असतात."

"कुठेय?"

"साताऱ्याला, बंदूकवाल्याकडे जमा. हत्याराला काही होत नाही गं, हात विसरतात. तयारी असावी माणसाची."

"आणि प्रत्येक थेंबानंतर थांबता कशाला?"

"थांबायचं असतं," काका म्हणाले, आणि विषय संपला. मला वाटलं, असेल काहीतरी शास्त्र.

काका पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कराडच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला त्यांचा बंगला. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि मुग्धानं वकील लावून, दोन फायली भरतील एवढे कागद देऊन त्यांना इथे कायमचं आणलं. सगळ्या कागदांचा सारांश एकच होता, की तिथे आता यांचं कुणी नाही. काकांनी सह्या केल्या. फक्त येताना शर्टाच्या खिशात एक पावती लॅमिनेट करून आणली, 'एक नग रिव्हॉल्व्हर, जुने, चालू स्थितीत, जमा.' ती पावती ते अजून रोज खिशात ठेवतात. शर्ट बदलला की पावती नव्या खिशात जाते. आपण नातवंडांचे फोटो दाखवतो तशी ते ती लोकांना दाखवतात.

हाउसआर्ट्सलाही दाखवली. हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर, ज्याच्याकडे कशासाठीही गेलं तरी तो पॅरासिटामॉल घ्यायला सांगतो. मुग्धाला मीटिंग होती म्हणून दुभाषी म्हणून मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण, गोड. वयस्कर माणसांना विचारायचे प्रश्न विचारत होत्या. झोप येते का, पडला होता का. शेवटी त्यांनी हळुवार आवाजात विचारलं, "घरी सुरक्षित वाटतं का?"

मी भाषांतर करायच्या आत काका म्हणाले, "नो. माय रिव्हॉल्व्हर इज इन सातारा."

बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली. मी पुढची दहा मिनिटं जे काही बोलले ते कुठल्या भाषेत बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. काकांनी दरम्यान पावती काढून टेबलावर ठेवली होती. बाईंनी ती मराठीतली पावती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि पॅरासिटामॉल लिहून दिलं.

बरं, काकांना कुणाला गोळी घालायची होती असं अजिबात नाही. त्या रिव्हॉल्व्हरमधून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. "प्रश्न गोळीचा नसतो, धाकाचा असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि या देशात धाक म्हणून काही नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. लोक घराला भिंतीएवढ्या काचा लावतात आणि पडदे लावत नाहीत. टीव्ही, फुलदाणी, सोफ्यावर झोपलेला नवरा, सगळं रस्त्यावरून दिसतं. "चोराला यादी करायचीसुद्धा मेहनत नाही," काका म्हणतात. म्हणून ते स्वतः मुग्धाच्या काचेशी खुर्ची टाकून पहारा देतात. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे बारीक करून बघतात. डच माणसांना वाटतं आजोबा स्वागताला बसलेत, ती हात हलवतात. काकांना सभ्यपणे हात हलवावा लागतो, आणि धाक तिथेच संपतो.

तेलाचंही तसंच झालं. रविवारचा रिकाम्या हातांचा कार्यक्रम उरकला की हातात तेलाची बाटली उरते. काका बाहेर पडून गल्लीतल्या सायकलींच्या साखळ्यांना तेल घालू लागले. आता आमच्या गल्लीत एकही सायकल कुरकुरत नाही, आणि दर रविवारी कुणी ना कुणी काकांच्या दाराशी सफरचंदाचा केक ठेवून जातं.

तर असं सुरळीत चालू असताना, या वसंतात साताऱ्याहून बंदूकवाल्याचा व्हिडिओ कॉल आला. परवान्याची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. तीन रस्ते होते. नूतनीकरण करून हेच ठेवायचं, हे देऊन नवं घ्यायचं, किंवा हत्यार आणि परवाना दोन्ही परत करून मोकळं व्हायचं.

"साहेब, माझं ऐका, बदला," बंदूकवाला म्हणाला. "चाप लई जड झालाय. तुमच्या बोटाला झेपायचा न्हाई. नवीन हलकं आलंय."

काका बुधवारी माझ्याकडे आले. मी आठवड्यातले तीन दिवस स्लोटरडाइकच्या ऑफिसला जाते आणि दोन दिवस घरून काम करते. घरून काम म्हणजे सुट्टी, अशी काकांची समजूत आहे.

"शर्वरी, तुला ते एक्सेल येतं ना? तौलनिक तक्ता करायचाय. भावनेचा भाग नको."

आम्ही तक्ता केला. वजन, पकड, चाप, दुरुस्ती, धाक. प्रत्येकाला दहापैकी गुण. काकांनी धाकात जुन्याला दहा दिले आणि नव्याला चार. "हे बघून चोर विचारेल, नातीचं आहे का?" तरीही बेरजेत नवं दोन गुणांनी पुढे गेलं. काकांनी चष्मा काढून पुसला.

"तुझी बेरीज चुकली."

"बेरीज मी नाही केली, कॉम्प्युटरनं केली."

"मग एक रकाना राहिलाय. सवय. जुन्याला दहा, नव्याला शून्य. आता कर."

जुनं जिंकलं. काका समाधानानं उठले. जाताना मी त्यांना लोणच्याची बरणी दिली, तर म्हणाले, "झाकण जरा सैल करून दे." तेव्हा माझं त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. सांधे सुजून गाठाळलेले. त्या बोटानं चाप तर सोडाच, ते सोड्याच्या कॅनची कडीही ओढू शकत नव्हते.

त्याच संध्याकाळी मुग्धाशी त्यांचा खटका उडाला. काका माझ्याकडे विसरलेला चष्मा द्यायला मी गेले होते आणि मध्येच अडकले.

"बाबा, परत करून टाका ते. मी फाइलमध्ये लिहून दिलंय की तिथे तुमचं कुणी नाही. मग तिथे घरात आहे कोण? संरक्षण कुणाचं करायचंय?"

"घराचं."

"रिकाम्या घराचं?"

काकांची नात इरा गृहपाठ करत होती. तिनं मान वर करून इंग्लिशमध्ये विचारलं, "आजोबा, आर यू गोइंग बॅक?" काका उठले. तेलाची बाटली घेऊन बाहेर गेले आणि मुग्धाच्या सायकलच्या साखळीला तेल घालत बसले. वार बुधवार होता.

शनिवारी परवान्याचा अर्ज भरायला मी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन बसले. ठेवायचं असो की परत करायचं, अर्ज एकच होता. मुग्धा ओट्यापाशी चहा करत होती, बापलेकीत तीन दिवस अबोला होता. काकांनी संदर्भासाठी पहिल्या अर्जाची प्रत काढली. पिवळी पडलेली, त्यांच्याच ठसठशीत अक्षरातली.

"कारण," मी रकाना वाचला. "काय लिहू?"

"मूळ अर्जात आहे तेच लिही." त्यांनी प्रत डोळ्यांजवळ धरली आणि मोठ्यानं वाचायला लागले. "बंगला वस्तीपासून दूर. अर्जदार कामानिमित्त आठवडाभर बाहेर. पत्नी घरी..." आणि थांबले.

मी टाइप करायला बोटं उचलून बसले होते. ती तशीच खाली ठेवली.

"पत्नी घरी एकटी," काकांनी वाक्य पूर्ण केलं. मग बराच वेळ कागदाची घडी नीट करत राहिले.

"मी सोमवारी साइटवर जायचो, शनिवारी यायचो. शेजारच्या शेतातल्या घरी चोरी झाली, ही घाबरली, म्हणून हे आणलं. तिला आधी त्याचीच भीती वाटायची. मग म्हणाली, जे घरात आहे ते मला माहीत असू दे. तिच्या मशीनचं तेल, तिनंच बाटली धरायची. रविवारी अकराला मी समोर बसायचो. ती एका कप्प्यात एक थेंब टाकायची आणि म्हणायची, 'झालं.' मग मी पुढचा कप्पा फिरवायचा. सहा वेळा. तेवढाच वेळ आठवड्यातून आम्ही दोघं समोरासमोर बसायचो, शर्वरी. बाकी मी कालव्यावर आणि ती एकटी. आयुष्य असंच गेलं."

प्रत्येक थेंबानंतर ते का थांबत होते ते मला तेव्हा कळलं. ओट्यापाशी चहा उकळून वर आला होता आणि मुग्धा गॅस बंद करायचं विसरली होती.

"मग ठेवायचं ना, काका?" मी विचारलं. "नूतनीकरणावर खूण करू?"

काकांनी पावती खिशातून काढली, टेबलावर सरळ ठेवली, आणि बंधाऱ्याचा आराखडा मंजूर करावा तशा आवाजात म्हणाले, "नाही. परत करायचं. आता घरी कुणी एकटं नाही." आणि लगेच बोट वर केलं. "पण पोस्टानं नाही, मुखत्यारपत्र देऊन नाही. मी स्वतः जाणार. बंदूकवाल्याच्या काउंटरवर पेपर अंथरून शेवटचं तेल घालणार, मगच सही करणार. कोरडं हत्यार मी सरकारजमा करणार नाही. आणि ते रविवारीच होणार."

"रविवारी दुकान बंद असतं, काका."

"माझं बोलणं झालंय. अकराला उघडतोय तो."

म्हणजे निर्णय आधीच झाला होता. तक्ता, गुण, माझे दोन तास, सगळं फुकट. मी चिडायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"एकटे नाही जायचं," मुग्धा ओट्याकडूनच म्हणाली. "मी येतेय. दोन तिकिटं काढते."

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा वाजता मी मुद्दाम गेले. पेपर अंथरलेला होता, बनियनचा तुकडा होता, काका ताठ बसले होते. बाटली मात्र त्यांच्याजवळ नव्हती. समोरच्या खुर्चीत मुग्धा बसली होती, आणि बाटली तिच्या हातात होती. काकांचं डावं मनगट किंचित खाली आलं. अंगठ्यानं त्यांनी काहीतरी उघडलं आणि वाट बघत राहिले.

मुग्धानं बाटली त्यांच्या रिकाम्या तळहातावर तिरकी केली. एक खराखुरा थेंब पडला.

"झालं," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली आणि पुढचा कप्पा फिरवला.