समोरच्याचा उजवा डोळा

चष्मेवाल्याला स्वतःची चूक सापडली ती शनिवारी दुपारी, जुनी कार्डं लावून ठेवताना. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे ती चूक अजून जगात एकाच माणसाला ठाऊक होती.

चार महिन्यांपूर्वी त्याने ऑर्गनकाकांना एक चष्मा करून दिला होता. काका तीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते, आणि चष्मा फक्त समोरची स्वरलिपी वाचण्यापुरता होता. उजव्या डोळ्याचा नंबर अधिक एक, डाव्याचा अधिक तीन. समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, हे या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या दिवशी चष्मेवाला फोनवर मेहुण्याशी भांडत होता, आणि काचा उलट्या बसल्या. दुसऱ्या दिवशी काका "धूसर दिसतंय" म्हणून आले, तेव्हा "नवीन आहे, सवय होईल," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं.

काकांना सवय झाली नाही. दर रविवारी तिसऱ्या कडव्यात त्यांचा हात चुकू लागला. गाणारे एकमेकांकडे बघू लागले. आता उद्याचा सोडून पुढच्या रविवारच्या बैठकीत काकांना ऑर्गनवरून उठवायचा विषय होता, आणि चष्मेवाला चर्चच्या कमिटीत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "देव हात भरून आशीर्वाद घेऊन उभा आहे. अडलंय ते आपल्यापाशी. त्याने सांगितलेलं एक काम आपण टाळतोय. कोणतं, ते ज्याचं त्याला माहीत आहे."

चष्मेवाल्याने पुढच्या बाकाच्या लाकडातल्या रेषा मोजायला घेतल्या.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"मग जाऊन सांगून टाका की," ती म्हणाली.

"सांगून काय टाका! चष्मेवाल्याला डावं-उजवं कळत नाही, असं म्हणतील लोक."

"मी लग्नापासून म्हणतेय. दुकान बंद पडलं का?"

पण चष्मेवाल्याला एक वेगळी वाट दिसली. काकांना नीट दिसायला हवं, हेच देवाला हवं असणार. ते कबुलीशिवाय जमलं तर आज्ञाही मोडत नाही आणि अब्रूही जात नाही.

सोमवारी त्याने स्वखुशीने ऑर्गनवर एक प्रखर दिवा बसवला. बुधवारच्या सरावात दिव्याचा उजेड थेट काचांवर पडला आणि काकांनी अख्खं गीत डोळे मिटून वाजवलं. लोकांना वाटलं, भक्तिभावाने. गीत मात्र दुसरंच होतं.

गुरुवारी त्याने स्वरलिपी चौपट मोठी करून आणली. एका पानाची सात पानं झाली. शुक्रवारी गाणारे "आमेन"ला पोचले तेव्हा काका पाचवं पान उलटत होते.

"तुम्ही फार सेवा करताय हो," पाळकसाहेब म्हणाले. "देव तुम्हाला आशीर्वाद देवो!"

चष्मेवाल्याला ठसका लागला.

शनिवारी त्याने कागदावर गणित मांडलं. अधिक तीनची काच लागलेला उजवा डोळा सत्तावीस सेंटिमीटरवरचं स्पष्ट वाचू शकत होता. त्याने स्वरलिपीचा स्टँड मोजून काकांच्या डोळ्यांपासून तेवढ्या अंतरावर आणला. गणित बरोबर होतं. पण सत्तावीस सेंटिमीटरमध्ये काकांचे हात मावत नव्हते. रविवारी तिसऱ्या कडव्यात त्यांचं कोपर खालच्या पट्ट्यांवर पडलं आणि असा काही घोगरा सूर निघाला, की मागच्या बाकावरचं तान्हं बाळ रडायचं थांबलं.

बैठकीत पाच मिनिटांत निर्णय झाला. "आठवड्याभरात फारच घसरलंय त्यांचं," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग चष्मेवाल्याकडे वळल्या. "तुम्ही त्यांच्यासाठी इतकं धावलात. तुम्हीच सांगा त्यांना."

आता वाट उरली नव्हती. चष्मेवाला उभा राहिला.

"घसरलंय ते माझं," तो म्हणाला. "चार महिने काकांच्या डोळ्यांवर उलट्या काचा आहेत. मी बसवल्यात. आठ दिवसांपूर्वी मला कळलं, आणि तरी मी गप्प बसलो."



"म्हणजे तो दिवा...?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हो."

"आणि ती सात पानं?"

"तीही. स्टँडसुद्धा."

काकांचा विषय तिथेच मागे घेण्यात आला. त्याच दुपारी चष्मेवाल्याने दुकान उघडून काचांची अदलाबदल केली. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंतीकडे पाहिलं, मान हलवली आणि ते निघून गेले. चष्मेवाला घरी आला, जेवायला बसला आणि त्याने तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

"आला वाटतं आशीर्वाद," बायको म्हणाली.

सोमवारी दुकानात गर्दी झाली. खरं बोलणाऱ्या माणसाकडून आपलाही चष्मा तपासून घ्यावा, असं बऱ्याच जणांना वाटलं होतं.

पुढच्या रविवारी काका ऑर्गनवर बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात हात चुकला. अगदी तिथेच. सगळी कमिटी चष्मेवाल्याकडे बघू लागली.

उपासना संपताच तो धावत काकांपाशी गेला. "काका, अजून धूसर आहे?"

"छे! लख्ख दिसतंय. प्रत्येक सूर दिसतो. मी कुठला सोडला, तोही दिसतो."

"मग चुकलं कसं हो?"

काकांनी त्याला बाजूला घेतलं. "बोटं वळत नाहीत रे. वर्षभर झालं. वर्षभर देव मला एकच सांगतोय, पुतणीला जागा दे. पोरगी माझ्यापेक्षा चांगली वाजवते. मी आपला सबबी सांगत होतो. आधी म्हटलं थंडी आहे, मग म्हटलं हवा दमट आहे. आणि मग तुझा चष्मा आला. इतकी चांगली सबब मला आयुष्यात मिळाली नव्हती. बायकोला पटली, पाळकांना पटली. देवालाही थोडी पटत आली होती."

त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुतणीला हाक मारली. ती येईपर्यंत ते चष्मेवाल्याकडे रागाने बघत राहिले.

"एवढं आज्ञाधारक व्हायला तुला कोणी सांगितलं होतं रे?"