सत्तावीस नंबरचं मऊ लोणी

सत्तावीस नंबरच्या गाईचं लोणी घट्ट होईना, इथून सगळं सुरू झालं.

संशोधन केंद्राच्या गोठ्यात बारा गाई प्रयोगासाठी निवडल्या होत्या. सहा गाईंना रोजचा मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, आणि खुराक, उरलेल्या सहांना त्यातच भरडलेलं जवस. गाय काय खाते त्यावर तिच्या दुधातल्या चरबीचा पोत ठरतो. जवस खाणाऱ्या गाईच्या दुधात घट्ट चरबी कमी होते, पातळ चरबी वाढते आणि लोणी फ्रीजमधून काढल्या काढल्या पावावर पसरतं. हा फरक नेमका किती, ते मोजायचं काम प्रयोगशाळेतल्या मॅडमकडे होतं. त्यांची नोकरी कराराची, आणि करार या प्रयोगावर टांगलेला. सत्तावीस नंबर साध्या खुराकाच्या गटात होती, तरी तिचं लोणी चमच्यावरून ओघळत होतं.

मॅडमनी आधी स्वतःला दोष दिला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील म्हणून नमुने पुन्हा घेतले. आकडे तेच. मग चरबी तपासणाऱ्या यंत्राचा इंजिनिअर आला, दोन दिवस यंत्र उघडून बसला आणि यंत्र ठणठणीत आहे, बिघाड गाईतच असावा, असं लिहून गेला. शेवटी कागद संचालकसाहेबांच्या टेबलावर पोचले.

साहेबांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि हातून नाव घ्यावं असं काही घडलं नव्हतं. जवस न खाता जवसाचं दूध देणारी गाय म्हणजे तो गुण तिच्या रक्तातच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. गाईला वेगळा कप्पा मिळाला, पंखा मिळाला. बाहेरून पाहुणे येऊन तिच्याकडे आदराने बघून जाऊ लागले. कुणी तिला भलतंसलतं खाऊ घालू नये म्हणून पहारा हवा होता. त्यासाठी केंद्रातला सगळ्यात भरवशाचा माणूस निवडला गेला, तो म्हणजे गोठ्यावरचे मामा.

अडचण एवढीच होती की तिला जवस घालत होते ते मामाच.

झालं होतं असं. मामींच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी औषधांबरोबर रोज चमचाभर जवसाची पूड घ्यायला सांगितली. मामा जवस आणायला गेले आणि सवयीने पोतं घेऊन आले. आयुष्यभर त्यांनी खाणं पोत्यानेच आणलं होतं. चाळीस किलोचं पोतं स्वयंपाकघरात बघून मामी पोट धरून हसल्या. मामांनी हिशेब केला, अकरा वर्षं पुरेल. मामी म्हणाल्या, "मग तेवढी वर्षं मला राहावंच लागेल की."

बाविसाव्या दिवशी त्या गेल्या.

पोतं तसंच राहिलं. मामांना ते खाववेना आणि कुणाला देववेना. सकाळी मिक्सरच्या आवाजाने घर जागं व्हायचं, तेही बंद पडलं. नवव्या दिवशी त्यांनी सवयीने उठून जवस दळलं. दळून झाल्यावर ते कुणाला द्यायचं, हा प्रश्न पडला. मामी दुपारी डबा घेऊन गोठ्यावर यायच्या तेव्हा सत्तावीस नंबर दांडीवरून मान काढून त्यांची वाट बघायची. सहा जणींना जवस आणि हिलाच का नाही, असं मामी नेहमी म्हणायच्या. मामांनी डबा भरून किलोभर पूड नेली. दुसऱ्या दिवशीही नेली. मग रोजचंच झालं.

पहाऱ्याचा हुकूम निघाला तसे मामा साहेबांकडे गेले आणि त्या गाईबद्दल जरा बोलायचं आहे म्हणाले. साहेबांनी त्यांना बोलूच दिलं नाही. तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे म्हणाले, पाठीवर हात ठेवला आणि बसायला एक खुर्ची आणि वाजवायला एक शिट्टी दिली. मामा चार दिवस शिट्टी गळ्यात घालून बसले आणि डबा सदऱ्याआड लपवून आणत राहिले. पाचव्या दिवशी त्यांच्याच्याने राहवेना. ते प्रयोगशाळेत जाऊन मॅडमच्या टेबलाशी उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी वहीत सत्तावीस नंबरचं पान उघडलं. वर्षभराचं काम समोर पडलं होतं.

"रोज किती घालता?"

"किलोभर. वजन करून."

"कधीपासून?"

मामांनी तारीख सांगितली. मॅडमनी आलेख पुढे ओढला. त्या तारखेनंतर सहाव्या दिवसापासून रेघ चढायला लागली होती. मामांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू वर नेलं.

"हे एवढं सगळं आमच्या हिच्या पोत्यानं केलं?"

"हो मामा."

"आणि मी बंद केलं तर?"

"आठवड्याभरात उतरेल."

मामांनी बोट उचललं नाही. रागवावं असं मॅडमच्या मनात होतं, पण ते जमलं नाही. त्यांनी दुसरा कागद घेतला आणि सत्तावीस नंबरचा वेगळा गट केला, एकाच गाईचा. उशिरा सुरू केलं तर दूध किती दिवसांत बदलतं, हे तरी त्यातून कळेल, असं त्या म्हणाल्या. ते बोलणं खरंही होतं. साहेबांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले की जवसाचा संशय त्यांना पहिल्या दिवसापासूनच होता. संध्याकाळपर्यंत पंखा काढून नेला गेला.

एकच पेच उरला. प्रयोगाला अजून सहा आठवडे होते आणि पोत्यात चार दिवसांचंच जवस राहिलं होतं. भांडारातलं जवस दुसऱ्या वाणाचं, ते घातलं की आकडे पुन्हा हलणार. तेव्हा मामांनी आधीचंच जवस, आधीच्याच दुकानातून आणावं असं ठरलं.

मामा दुकानात गेले आणि पोतं मागितलं. दुकानदाराने त्यांना लगेच ओळखलं.

"एवढ्यात संपलं? वहिनींनी मनावर घेतलेलं दिसतंय."

मामांनी पैसे काढून ठेवले. दुकानदार पोतं ओढता ओढता म्हणाला, "मग, गुण आला का?"

मामांनी पोत्याचं तोंड सोडून मूठभर जवस हातात घेतलं, उजेडात बघितलं. तेच होतं, तांबूस, चकचकीत.

"आला," ते म्हणाले. "रिपोर्ट फार चांगले आलेत."