सकपाळ सरांचा दगड

सकपाळ सरांच्या गणितात दगड कधी खाली पडत नाही.

गच्चीवरून सोडलेला दगड किती वेळात जमिनीवर येईल, असं पुस्तकात विचारलेलं असतं. सर फळ्यावर आधी जमीन काढतात, जमिनीवर काड्यांचा एक माणूस उभा करतात आणि दगड त्याच्या हातात देतात. "आता हा वर फेक. असा फेक, की बरोबर कठड्याशी जाऊन थांबला पाहिजे. लाव समीकरण." उत्तर पुस्तकातलंच येतं. "वर जायला जेवढा वेळ, तेवढाच खाली यायला. मग उगाच पाडायचं कशाला?" असं म्हणून सर खडू शर्टाच्या खिशात टाकतात. त्यामुळे त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे पांढरे झालेत. दगड मात्र सुखरूप कठड्यावर बसलेला असतो.

आमच्या परळच्या चाळीत सर समोरच्या खोलीत राहतात. लग्न केलं नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच संध्याकाळी चाळीच्या बुद्धविहारात फळा टांगून बसले. तेव्हापासून फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये अडकलेलं पोर सरांकडे येतं. दिवसभर त्यांच्या खोलीचं दार बंद असतं. संध्याकाळी वर्गाला निघताना ते केस विंचरतात, तेव्हा कळतं की या माणसाचा दिवस आत्ता उजाडला.

शिकवायची पद्धतही न्यारी. टॉर्क शिकवायचा तर विहाराचं लोखंडी फाटक. पोरांना बिजागरीजवळ ढकलायला लावायचं, ती घामाघूम झाली की स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन एका बोटाने फाटक उघडायचं आणि म्हणायचं, "जोर सगळ्यांकडे असतो रे. कुठे लावायचा ते कळायला हवं." आवर्ती गती शिकवायला त्यांनी वर्ग लालबागला मसाला कुटायच्या डंखावर नेला. मुसळं वरखाली होत होती, मिरचीचा खकाणा उडत होता, पोरं शिंकत शिंकत घड्याळं बघत होती. डंखवाला वैतागला, "सर, गिऱ्हाईक हाय का तमाशा?" सर डोळे पुसत म्हणाले, "ही सरल आवर्ती नाही, पण आवर्ती आहे. बघा, मुसळ पडत नाही. परत वर जायचं म्हणून खाली येतं."

माझ्यावर त्यांचा वेगळा राग आणि वेगळाच जीव. माझे बाबा गिरणगावात पत्रकं लिहायचे, मी लहानपणी त्यांच्या घड्या घालायचे. वाचायलाही मी त्या पत्रकांवरूनच शिकले. आता मी लिहिते. नवं पत्रक घेऊन गेले की सर म्हणतात, "या पुढारी." लाल पेनाने वाचतात. "'संतप्त', 'भीषण', 'धगधगता'. एकाच बिंदूला किती बाण लावशील? बेरीज शून्य होईल." मी भांडते. तुमची ती वजनरहित दोरी, घर्षणरहित टेबल, असं जग कुठे आहे ते दाखवा, म्हणते. यावर ते खूश होतात. "दाखवता येत नाही म्हणून तर फळ्यावर काढतो."

तर हा दगड. इतकी वर्षं चाललं, कारण पेपर तपासणारे बहुतेक सरांचे जुने सहकारी होते. ते हसून पूर्ण मार्क द्यायचे. मग माणसं बदलली. यंदा माझ्या धाकट्या बहिणीने, प्रज्ञाने, पेपरात लिहिलं, 'समजा, दगड खालून वर फेकला.' समीकरणं बरोबर, उत्तर बरोबर, मार्क शून्य. बाजूला शेरा: प्रश्न नीट वाचा. सरांच्या वर्गातल्या सगळ्यांना तोच शेरा, आणि तेवढ्याच मार्कांनी विषय राहून केटी.

निकालाच्या दुसऱ्या संध्याकाळी विहाराच्या दारात पालक जमले. पुढे सावंतकाकू. त्यांचा मुलगा संदेश सरांचा लाडका.

"सर, माका एक सांगा," काकू म्हणाल्या. "सगळ्यांचे दगड खाली पडतत, आमच्या झिलाचोच वर कित्याक जाता?"

पोरं हसली. सरही हसले, पण खडू खिशातून बाहेर आला नाही.

"उत्तर चुकलं नाही त्याचं, वहिनी."

"उत्तर चाटूचा काय? केटी गावली ना! आता जसा पेपरात इचारतत तसा शिकवा. नायतर दादरच्या क्लासात घालतंय. सगळ्यांचा ठरलाहा." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाय हा, सर. पण पोरांचा वर्ष जाता."

सरांनी वर्गावरून नजर फिरवली. बाकावरचं एकेक डोकं बघितलं. "उद्या सांगतो," म्हणाले आणि फळा न पुसताच निघून गेले.

मी घरी येऊन पेटून पत्रक लिहायला बसले. बरोबर उत्तराला शून्य मार्क का? बाबांनी पहिली ओळ वाचली आणि कागद बाजूला ठेवला. "हे नको छापू. सकपाळच्या दादाचं माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. म्हणजे पत्रकातून माहीत होतं. सरांना त्यांच्या मोठ्या भावाने वाढवलं, शिकवलं. गिरणी बंद पडल्यावर तो रंगकामाला लागला आणि गिरणीच्याच जागेवर उठलेल्या टॉवरच्या परांचीवरून पडून गेला. ते पत्रक बाबांनी लिहिलं होतं. त्याच्याही घड्या मी घातल्या होत्या. जाळी का नव्हती, पट्टा का नव्हता, ठेकेदार मोकळा का? प्रश्न तिखट होते, आजही खरे आहेत. पण पत्रकातला दादा आणि फळ्यावरचा दगड मी कधी एकत्र पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर केस विंचरून वेळेवर आले. वर्ग भरलेला होता. काकू दारात, मी मागच्या बाकावर.

"प्रज्ञा, गणित वाच."

"सर, राहू द्या. मी पुस्तकात बघून करते."

"वाच."

तिने वाचलं. एकोणीस पूर्णांक सहा दशांश मीटर उंचीवरून एक वस्तू सोडली आहे. जमिनीवर यायला किती वेळ लागेल?

सरांनी खडू काढला. पहिल्यांदाच त्यांनी आकृती वरून सुरू केली. आधी इमारतीचा माथा, मग भिंतीची रेघ, सगळ्यात शेवटी जमीन. वरच्या टोकाला ठिपका दिला आणि त्याच्यापाशी खडू टेकवून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ठिपक्यापासून बाण खाली ओढला, एका झटक्यात, जमिनीपर्यंत. बाजूला समीकरण मांडलं, किमती घातल्या.

"दोन सेकंद," संदेश हळूच म्हणाला.

"दोन सेकंद." सरांनी उत्तराखाली रेघ मारली. पाठ आमच्याकडेच होती. "पुस्तकात हे किती थोडं वाटतं. थोडं नसतं ते. हाक मारायला पुरतात दोन सेकंद. मी डबा घेऊन गेलो होतो. खाली उभा राहून त्यालाच शोधत होतो वर. 'दादा' म्हणून पूर्ण हाक मारून झाली माझी."

खडू फळ्याच्या कडेला ठेवून, आमच्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, झेलताना धरतात तसे, ओंजळीसारखे. बघत राहिले त्यांच्याकडे.

"हे करायला नाही पुरत," म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला बाबांचं पत्रक आठवत होतं. त्यात ठेकेदाराचं नाव होतं, मागण्या होत्या, निषेध होता. खाली कोण उभं होतं, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

सरांनी चष्मा पुसला. खडूचे हात लागून तो आणखी धूसर झाला, तसाच त्यांनी डोळ्यांवर चढवला.

"पेपरात असंच लिहायचं. वरून खाली. कळलं?" आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, जवळजवळ. "वहिनी, बसा ना, उभ्या का? हं, पुढचं गणित. पुलावरून एक चेंडू सोडला आहे."

"पोरगो हयच येतलो, सर," काकू दारातूनच म्हणाल्या. "दादर लांब पडता."

वह्यांची पानं उलटली. मी वाकून प्रज्ञाच्या वहीत पाहिलं. तिने अजून पूल काढला नव्हता, चेंडू काढला नव्हता. पानाच्या तळाशी काड्यांचा एक माणूस काढला होता, हात वर केलेला. शेजारी संदेशच्या वहीत बघितलं. त्याच्याही पानावर, सगळ्यात आधी, तोच.