सिकंदराचा साक्षीदार

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते कॅनडातल्या किचनर गावच्या वासिल यांचे. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं भाड्यानं राहिलो. वय ऐंशीच्या पुढे, बायको वारलेली, मूलबाळ नाही, आवाज मात्र लाउडस्पीकरसारखा. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाड्याचं, डिपॉझिटचं, सिगारेटचं काही विचारलं नाही. दार अर्धवट उघडून म्हणाले, "अलेक्झांडर द ग्रेट कोण होता?"

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. प्रश्न आला की सरळ उभं राहून उत्तर द्यायचं, एवढं पक्कं. म्हटलं, "आमच्याकडे त्याला सिकंदर म्हणतात, सर. भारतावर चालून आला होता."

"ग्रीक की मॅसेडोनियन?"

"तेवढं नीट आठवत नाही, सर."

"गुड! कोरी पाटी. बूट काढ, आत ये. आणि सर नाही, चिचको म्हण."

चिचको म्हणजे त्यांच्या भाषेत काका.

चिचको स्वतःला मॅसेडोनियन म्हणवत. जन्म मात्र आज ग्रीसमध्ये असलेल्या एका डोंगरी खेड्यातला. शेजारचे निकोस ग्रीक. दोघांचा चाळीस वर्षं एकच वाद चालू होता : तेवीसशे वर्षांपूर्वी मेलेला तो राजा नक्की कुणाचा? निकोस म्हणत, "तो ग्रीक बोलायचा, ग्रीक देव पुजायचा. आणखी काय जन्मदाखला हवा?" चिचको म्हणत, "तुमचेच लोक त्याला परका म्हणून हिणवायचे. मेल्यावर बरा घरचा झाला!"

दोन घरांमध्ये ड्राइव्हवे एकच. बर्फ पडला की हे इकडून शोव्हल करत यायचे, निकोस तिकडून. मधली फावडंभर रुंदीची बर्फाची भिंत कुणीच उचलायचं नाही. चिचको तिला 'बॉर्डर' म्हणत. ती एप्रिलमध्ये आपली आपण वितळायची.

ग्रोसरीला त्यांच्याबरोबर गेलं की मला तोंड लपवावंसं वाटायचं. फेटा चीजच्या ज्या डब्यांवर 'ग्रीक' लिहिलेलं असेल ते सगळे एकेक करून भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. दुकानातली मुलगी विचारायची, "कॅन आय हेल्प यू, सर?" "झालंच माझं," असं म्हणून त्यातलाच एक डबा ट्रॉलीत टाकायचे. वर मला सांगायचे, "चीजचा काय दोष? लिहून घे, इंजिनियर!" दिवसातून दहादा तरी ते मला काहीतरी लिहून घ्यायला लावायचे.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात जवळच्या हॉलमध्ये मे महिन्यात भरणाऱ्या हेरिटेज डेची तयारी सुरू झाली; त्या दिवशी प्रत्येक देशाचे लोक आपापलं टेबल मांडतात. दोघांनाही आपापल्या टेबलावर अलेक्झांडरचं चित्र हवं होतं. आयोजक बाई वैतागून म्हणाल्या, "चित्र एकाच टेबलावर लागेल. आधी तुमचं तुम्ही ठरवा."

चिचकोंनी तोड काढली. "साक्षीदार तू! तू ना त्यांचा, ना आमचा. ज्याच्या घरात चोर शिरला त्याला चोराचं गाव माहीत असतंच."

ही उपमा आपल्या राजाला शोभत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : 'मी, भारतीय इंजिनियर, शपथेवर लिहून देतो की अलेक्झांडर मॅसेडोनियन होता, ग्रीक नव्हे, आमच्या देशात लहान मुलालाही हे ठाऊक आहे.' खाली सही केली. आमच्या देशातल्या लहान मुलांना मी विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी निकोसांनी बोलावलं. टेबलावर कॉफी, शेजारी एक टाइप केलेला कागद. त्यांचा मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता. इथली पदवी मिळून मला सहा महिने झाले होते, अप्लाय करून करून बोटं दुखली होती आणि उत्तर कुठूनच येत नव्हतं. निकोस म्हणाले, "तुझा रेझ्युमे मुलाकडे देतो. आणि हो, जाता जाता एवढी एक सही."

त्यांनी अट घातली नव्हती. ती अट आहे असं मीच धरलं. मजकूर चिचकोंच्या कागदासारखाच, फक्त राजाची जात बदललेली. मी सही केली. वडीलधाऱ्यांना नाही म्हणू नये, असं आपलं वळण, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला नोकरी हवी होती.

इंटरव्ह्यूच्या सकाळी बाहेर उणे बावीस होतं. चिचकोंनी गाडी गरम करून ठेवली, स्वतःचा जाड कोट माझ्या अंगावर चढवला आणि मला नेऊन सोडलं. तीन तासांनी बाहेर आलो तर ते पार्किंगमध्येच बसलेले. "घरी का नाही गेलात?" म्हटलं, तर म्हणाले, "घरी कोण आहे?"

नोकरी लागली. ती कुणाच्या ओळखीनं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोघंही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, म्हणून दोघांचा ईस्टर एकाच रविवारी येतो. त्या दिवशी ड्राइव्हवेवर टेबल मांडून दोघं लाल रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांवर ठोकतात. ज्याचं फुटेल तो हरला. त्या वर्षी निकोस हरले. हरल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. "अंडं तुझं, राजा माझा! वाच, तुझ्याच भाडेकरूची सही आहे."

"थापाड्या बोकडा!" म्हणत चिचकोंनी हसत स्वतःचा कागद काढून शेजारी ठेवला.

दोन्हींखाली एकच सही.

निकोसांचं हसू विरलं. चिचको आता ओरडतील, असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अंडं सोलायला घेतलं. "नोकरीसाठी?" एवढंच विचारलं. मी मान डोलावली.

"मला सांगायचंस ना. मीच म्हटलं असतं, कर सही."

मग अंड्याकडेच बघत म्हणाले, "शाळेत मास्तर नाव विचारायचे. घरी मी वासिल. मास्तरांना हवं होतं वासिलिओस, ग्रीक. तसं सांगणाऱ्याला दुधाचा पेला मिळायचा. मी वर्गात सगळ्यांत मोठ्यानं ओरडून सांगितलं. आई दारातच उभी होती. पुढं ग्रीसमध्ये यादवी पेटली, आम्हा मुलांना सीमेपलीकडे नेलं. आई पुन्हा दिसली नाही."

चाळीस वर्षांच्या शेजारात निकोसांनीही हे ऐकलेलं नसावं. त्यांनी मिठाची वाटी चिचकोंच्या पुढ्यात सरकवली.

हेरिटेज डेला दोघांपैकी कुणीच चित्र लावलं नाही. जूनमध्ये कंपनीनं मला विनिपेगला पाठवलं, आणि जाताना मी चिचकोंच्या नजरेला नजर दिली नाही. चार महिन्यांनी पत्र धाडलं. ते इंग्रजीत होतं. मराठीत असं :

'चिचको,

तीनदा फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला, म्हणून हे पत्र.

मी सही केलेले दोन्ही कागद खोटे होते, तुमचासुद्धा. तो राजा कोण होता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर बरंच वाचलं, तरी आजही सांगता येत नाही. पण तुम्ही कोण, हे तुम्ही स्वतः मला सांगितलं होतं. तेवढं मी निकोसांच्या टेबलाशी बसून म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

तुम्ही मला स्वतःच्या रांगेत बसवून माफ केलंत. मी त्या रांगेतला नाही. तुम्ही लहान होतात आणि उपाशी होतात. मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि त्या दिवशी तुमच्याच स्वयंपाकघरात पोटभर जेवून निकोसांकडे गेलो होतो.

सदानंद'