रिकाम्या दरबाराचा आवाज

एका जंगलात, मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सिंहमहाराजांच्या दरबारात खरखर काढणारं यंत्र बसवण्यात आलं.

खरखर म्हणजे काय, मुलांनो? टेप वाजवली की मागे सतत सूंऽऽ असं ऐकू येतं ना, ती. तिच्यामुळे महाराजांची डरकाळी मळकट वाटे.

यंत्र बसवायला वटवाघूळ आलं होतं. ते म्हणालं, "आधी रिकाम्या दरबाराचा आवाज टेप करायचा. मग यंत्र तो आवाज ओळखून प्रत्येक टेपमधून काढून टाकतं."

"करा," प्रधान तरसराव म्हणाले.

"पण दारात एक हरणी बोलतेय."

"ती चंद्री. आठ दिवस बोलतेय. ती असतेच. दरबार रिकामाच धरा."

चंद्रीचं पाडस आदल्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, राजवाड्यामागच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलं होतं. परतलं नव्हतं. चंद्री एवढंच विचारत होती, "तळ्यावर पहारा कुणाचा होता, महाराज?"

यंत्रानं तिचा आवाज नीट शिकून घेतला.

दुपारी चौकशी झाली. चंद्री अर्धा तास बोलली. निकाल वनपंचायत देणार होती, तोही फक्त टेप ऐकून.

बुधवारी पंचायतीत टेप लावली. आवाज कसा धुतल्यासारखा! महाराजांचं "बरं" ऐकू आलं. मग शांतता. मग "हं." मग शांतता. शेवटी महाराजांची जांभईसुद्धा लख्ख ऐकू आली.

"वा!" सरपंच गवा म्हणाला. "पण तक्रारदार तर काहीच बोललेली नाही."

"अहो दादा, बोलले की! आत्ताही तेच बोलतेय!" चंद्री ओरडली.

"बाई, टेप चालू असताना गडबड नको."

वटवाघूळ चाचरत म्हणालं, "मूळ टेप ऐकावी. तिच्यात खरखरीसकट सगळं असेल."

"तिच्यावर महाराजांचं भाषण टेप केलंय," तरसराव म्हणाले. "फार छान आलंय. लावू?"

भाषण लावलं. पंचांनी टाळ्या वाजवल्या. प्रकरण निकाली निघालं.

तात्पर्य : मुलांनो, रोज दाद मागू नये. रोज मागितली की तिची खरखर होते. आपलं पाडस हरवलं की आधी आठ दिवस गप्प बसून राहावं, म्हणजे यंत्राला आपला आवाज ओळखता येत नाही.

बाकी, पहाऱ्याची यादी दरबाराच्या दारावरच टांगलेली आहे. त्या सोमवारी तळ्यावर एकच नाव आहे : तरसराव. त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही.