पक्कं राज्य, कच्चं राज्य

सबनीस काका अमेरिकेतली राज्यं आंब्यासारखी चाचपून बघतात. हे पक्कं, हे अर्धकच्चं, हे तर पार कच्चं. तिथल्या शॉमबर्ग गावात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. अ‍ॅशबर्नला त्यांच्या मुलीकडे चार-पाच राज्यं ओलांडून जायचं झालं की ड्राइव्ह मी करतो. हद्दीचा बोर्ड दिसला रे दिसला की काका गाणी बंद करून निकाल सांगतात.

भानगड अशी, की रंगावरून किंवा धर्मावरून कोणी तुम्हाला मारलं, तर त्याला जास्तीची शिक्षा आहे का? कुठे आहे, कुठे अर्धवट, कुठे त्याला वेगळं नावच नाही.

“पण काका, मार तर तोच ना?”

“मार तोच. हद्दीवरच्या पुलाच्या अलीकडे तो द्वेषाचा गुन्हा, पलीकडे नुसती धक्काबुक्की.”

“आणि पुलाच्या मधोमध मारलं तर?”

काका म्हणाले, “म्हणून तर म्हणतो, सगळ्या देशाला एकच कायदा करा.”

हे त्यांचं पालुपद. ग्रोसरीच्या रांगेत, मंडळाच्या गणपतीत, भेटेल त्याला हेच. ऐकून माझं डोकं पार चक्रावतं.

त्यांच्या या हट्टाला कारण आहे. मागे याच रस्त्यावर एका पेट्रोल पंपावर कोणीतरी काकूंच्या अंगावर कॉफी फेकली. ‘तुमच्या देशात परत जा’ म्हणाला. पोलीस आला, बिचारा सभ्य होता. म्हणाला, आमच्याकडे याला वेगळं कलम नाही, किरकोळ भांडण म्हणून लिहितो. तेव्हापासून काकू वाटेत गाडीतून उतरतच नाहीत. उतरावं लागू नये म्हणून निघायच्या दिवशी पाणीसुद्धा पीत नाहीत. मला त्या कॉफीवाल्याचा अजून संताप येतो.

परवा नातीच्या बारशाला निघालो. एक हद्द ओलांडली तेव्हा मागे काकूंची डुलकी लागली होती. काका माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “हे कच्चं. अगदीच कच्चं.”

पुढे त्याच राज्यात हायवेच्या थांब्यावर गाडी लावली. काकू जाग्या झाल्या.

“कसं आहे हो हे राज्य?”

“पक्कं,” काका म्हणाले. “एक नंबर. उतर बिनधास्त. धपाटे बाहेर बाकावर बसून खाऊ.”

काकू उतरल्या. पदर सावरत नळापर्यंत गेल्या आणि पोटभर पाणी प्यायल्या.

“काका, तुम्ही तर आत्ताच...”

“एकच कायदा असता,” काका म्हणाले, “तर तिच्याशी खोटं बोलावं लागलं नसतं रे.”

आणि चहूकडे बघत ते घाईघाईने काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले.