गोपालराव सरांनी नाकारलेलं पुस्तक

गोपालराव सरांना काही विचारलं की ते उत्तर देत नसत. उलट आपल्याकडेच मागत, आणि तेही चुकलेलं. "सरी, आधी तुझं चुकलेलं उत्तर सांग पा!"

सर म्हणजे इथल्या तमिळ मुलखातले, अण्णा नगरातले माझे घरमालक. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वरच्या मजल्यावर एकटेच राहत. घराणं तंजावरकडचं मराठी. त्यामुळे शब्द पणजोबांच्या काळातले आणि चाल तमिळ; त्यांचं 'सरी' म्हणजे आपलं 'बरं', 'पा' म्हणजे 'बाबा'. शंका आली की आयटीतले माझे मित्र सायबर कॅफेत जात. मी जिना चढायचो.

एकदा म्हटलं, "सर, लातूरला आमच्या मडक्यातलं पाणी दातांना झोंबतं. इथं का गार होत नाही?"

"चुकलेलं उत्तर?"

"इथली मातीच भिकार."

"अय्यो, फार सुंदर!" सरांनी टाळी वाजवली, माझा हात ओला केला आणि पंख्याखाली धरला. "गार लागतंय ना? पाणी उडतं म्हणून. मडक्याचंही तसंच. पण इथली हवा समुद्र पिऊन तट्ट फुगलीय. तुझ्या मडक्यातलं ती कुठं पिणार?"

वर चुकीबद्दल फिल्टर कॉफी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी छाती काढून सांगतो. पण चढलो तो पाठांतराच्या जोरावर. बाष्पीभवनाची व्याख्या झोपेतून उठवलं तरी म्हणेन. ती आमच्या आईच्या मडक्याबद्दल आहे, हे मात्र सरांनी दाखवलं. चुकलं की छडी, एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला चुकल्याबद्दल कॉफी पाजणारा भेटावा, याला भाग्यच लागतं.

पुढे माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला हललं. मीही तिकडेच खोली बघितली. जाण्याआधी सरांचं सगळं एका पुस्तकात यावं, म्हणजे ते जवळ राहील, असं मनात होतं. पुस्तक प्रदर्शनासाठी आलेल्या पुण्याच्या एका प्रकाशकांना मीच वर घेऊन गेलो.

"रोजच्या शंका, सोपी उत्तरं. घरोघरी वाचतील बघा," प्रकाशक म्हणाले.

"वाचणाऱ्याचं चुकलेलं उत्तर मजला कसं कळणार?"

"ते कशाला हवं?"

"मग मी तरी कशाला हवा?" सरांनी हात जोडले. "एवढ्या लांबून आलात, उपकार झाले. पुस्तक नको. कॉफी घ्या."

प्रकाशक गेल्यावर मी उखडलोच. "लोकांचं राहू द्या सर, मला हवं होतं ते! तिकडे मी कुणाला विचारू?"

सर पेले विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "पुस्तक बरोबर नेलंस, तर रविवारी येशील कां?"

पेरुंगुडीहून अण्णा नगरला यायचं तर वाटेत बस बदलावी लागते. रविवारी बस वेळेवर येत नाहीत. मी येतो.